चुकणाऱ्या हातांसाठी

गोल्फमध्ये चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते अर्ध्या मिलिसेकंदापेक्षाही कमी काळ. क्लब म्हणजे इथे चेंडू मारायची काठी. चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. क्लबचं डोकं त्याच्यावर आदळतं, चेंडू चपटा होतो, पुन्हा फुगतो आणि सुटतो. साध्या हौशी माणसाने ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने, मारलेला चेंडूही सेकंदाला साठेक मीटर वेगाने निघतो. इतका वेग इतक्या कमी काळात द्यायचा, तर त्या काळातला सरासरी जोर सहाशे किलो वजनाच्या दाबाएवढा भरतो. हा जोर क्लबच्या तोंडाच्या मध्यावर, वस्तुमानाच्या केंद्राच्या रेषेत बसला तर सगळं सुरळीत होतं. केंद्रापासून दीड-दोन सेंटिमीटर बाजूला बसला, की डोकं आपल्या केंद्राभोवती पिळलं जातं, चेंडूला मिळायची ऊर्जा त्या पिळण्यात जाते आणि चेंडू जवळच कुठेतरी झाडीत पडतो. बहुतेक माणसांचा फटका बहुतेक वेळा मध्यावर बसत नाही. व्यावसायिकांचाही नेहमी बसत नाही.

गोल्फ क्लबच्या प्रगतीची गोष्ट सहसा अंतराच्या भाषेत सांगतात. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत १९८० मध्ये ड्रायव्हरच्या फटक्याची सरासरी २५७ यार्ड होती, ती २०२३ मध्ये ३०० यार्डांना टेकली. आकडे खरे आहेत आणि जाहिराती त्यांच्यावरच चालतात. या लांबीत क्लबइतकाच चेंडूचा आणि व्यायामशाळेचाही वाटा आहे, हे जाहिरातीत येत नाही. पण मला या धंद्यातली खरी क्रांती वेगळी वाटते. ती दोन कल्पनांची आहे. पहिली, माणूस चुकणारच हे धरून क्लब घडवायचा. दुसरी, क्लब माणसाच्या मापाने बेतायचा. आज या दोन्ही गोष्टी इतक्या सरावाच्या झाल्या आहेत, की कुणीतरी त्या पहिल्यांदा हट्टाने मांडल्या असतील असं वाटतच नाही. त्या मांडल्या कार्स्टन सोलहाइम या नॉर्वेत जन्मलेल्या, अमेरिकेत वाढलेल्या आणि चाळिशी उलटल्यावर गोल्फ शिकलेल्या इंजिनिअरने.

त्यांच्या आधीचे क्लब कसे होते हे थोडं पाहायला हवं. स्कॉटलंडमधले कारागीर हिकरीच्या लाकडाचा दांडा, पर्सिमनसारख्या कठीण लाकडाचं डोकं आणि लोहाराच्या भट्टीत ठोकून काढलेलं लोखंडी पातं यांतून क्लब बनवत. हिकरीचे दोन दांडे कधी सारखे नसत. चांगला खेळाडू दुकानात उभा राहून डझनभर क्लब हातात तोलून पाहायचा आणि मनाजोगता एखादा निवडायचा. त्या काळचे अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स यांच्याबद्दल सांगतात, की त्यांनी नुसत्या हाताच्या अंदाजाने जमवलेला संच पुढे काट्यावर तोलला गेला तेव्हा एक सोडून सगळे क्लब एका जातीचे निघाले, आणि जो निघाला नाही तोच त्यांना कायम त्रास देत आलेला होता. म्हणजे माप होतं, पण ते उत्तम खेळाडूच्या हातांत होतं, कारागिराच्या कागदावर नव्हतं.

पोलादी शाफ्टने, म्हणजे दांड्याने, हे बदललं. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये पोलादी शाफ्टला परवानगी दिली, स्कॉटलंडच्या आर अँड ए संस्थेने १९२९ मध्ये. आता कारखान्यात हजार शाफ्ट सारखे काढता येऊ लागले. मॅशी, निब्लिक अशी जुनी नावं जाऊन आयर्नना, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबना, क्रमांक आले, संच विकले जाऊ लागले. पिशवीत किती क्लब ठेवायचे याला धरबंध राहिला नाही, म्हणून अमेरिकेत १९३८ मध्ये चौदाची मर्यादा घालावी लागली. कारखान्यामुळे क्लब एकसारखे झाले ही मोठीच सोय होती. तिची किंमतही होती. एकसारखा क्लब बनवायचा तर एक माणूस प्रमाण धरावा लागतो, आणि तो प्रमाण माणूस साधारण पावणेसहा फूट उंचीचा गोरा पुरुष ठरला. त्याच्याहून बुटक्या, उंच, लांब हातांच्या माणसाने आपलं अंग क्लबला जुळवून घ्यायचं. त्यालाच मग ‘स्टाइल सुधारणं’ म्हणू लागले.

०००

सोलहाइम यांचा जन्म १९११ चा, बर्गन शहरातला. ते तान्हे असतानाच कुटुंब अमेरिकेत सिअॅटलला आलं. वडील जोडे बनवत, दुरुस्त करत. मुलाने इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण मंदीच्या काळात पैशाअभावी शिक्षण सुटलं आणि तोही जोडे दुरुस्तीच्या दुकानात बसला. काही काळ घरोघर स्वयंपाकाची भांडीही विकली. दुसऱ्या महायुद्धात त्यांना विमानाच्या कारखान्यात काम मिळालं. रायन कंपनीचं फायरबॉल हे विमान घडवणाऱ्यांत ते होते. पुढे कॉनव्हेअर आणि मग जनरल इलेक्ट्रिक. जोडे आणि विमानं अशा दोन्ही कामांतून गेलेला हा माणूस आहे, हे मला त्यांच्या सगळ्या पुढच्या आयुष्याची किल्ली वाटते. विमानाच्या कारखान्यात वजन कुठे ठेवलं की वस्तू कशी फिरेल याचा हिशेब अंगवळणी पडतो. जोड्यांच्या दुकानात दोन माणसांचे पाय सारखे नसतात हे रोज दिसतं.

१९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमधल्या सहकाऱ्यांबरोबर ते गोल्फ खेळू लागले, तेव्हा वय बेचाळीसच्या आसपास. लांबचे फटके जमू लागले, पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, पोचल्यावर गाडी अडायची. चेंडू भोकात ढकलायचा पटर त्यांच्या हातात फिरायचा. अनेकांचा फिरायचा. इतरांनी मनगट सुधारायचा प्रयत्न केला. सोलहाइम यांनी पटर तपासला. त्या काळचे बहुतेक पटर म्हणजे एका टोकाला शाफ्ट बसवलेलं सपाट पातं, आणि वजन मध्यावर गोळा झालेलं. चेंडू मध्यापासून जरा दूर लागला की पातं वळायचं.

त्यांनी आइस्क्रीमच्या काड्या आणि साखरेचे चौकोनी तुकडे डिंकाने जोडून नमुना केला. वजन दोन टोकांना, मध्ये जवळपास काही नाही. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसाला वळायला कष्ट पडतात, तोच हा नियम. वस्तू फिरण्याला किती विरोध करेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन केंद्रापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. शंभर-शंभर ग्रॅमचे दोन तुकडे केंद्रापासून दोन सेंटिमीटरवर ठेवले तर हा विरोध आठशे एकक येतो. तेच तुकडे चार सेंटिमीटरवर सरकवले तर बत्तीसशे. एक ग्रॅमही न वाढवता चौपट. इंजिनिअर याला जडत्व-आघूर्ण म्हणतात. गोल्फच्या दुकानांत सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी ‘एमओआय’ म्हणतात.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवूड सिटीत, घराच्या गॅरेजमध्ये तो पटर धातूत उतरला. पोटात खाचा ठेवलेल्या असल्याने चेंडू लागताच सूरकाट्यासारखा नाद यायचा. त्या नादावरून नाव पडलं ‘पिंग’. व्यावसायिक खेळाडू त्या आवाजाला आणि रूपाला हसले. दिसायला तो पटर खरोखर ओबडधोबड होता. सोलहाइम स्पर्धांच्या सराव-ग्रीनवर उभं राहून एकेका खेळाडूला तो हातात देत राहिले, सुट्टीच्या दिवसांत आणि नोकरी सांभाळून.

१९६६ मध्ये त्यांनी पुढचा नमुना एका ग्रामोफोन रेकॉर्डच्या पाकिटावर काढला, त्या क्षणी हाताशी तेवढाच कागद होता. पत्नी लुईज यांनी सुचवलं म्हणून त्याचं नाव ‘अँसर’ ठेवलं. टोकांना वजन, मधोमध पोकळी, आणि शाफ्ट डोक्याला जोडणारा दुहेरी वळणाचा गळा, ज्यामुळे खेळाडूला पटरचं तोंड स्वच्छ दिसतं आणि हात चेंडूच्या किंचित पुढे राहतात. १९६७ मध्ये ज्युलियस बोरॉस यांनी याच पटरने फिनिक्स ओपन जिंकली आणि त्याच वर्षी सोलहाइम यांनी जनरल इलेक्ट्रिक सोडली. १९६९ मध्ये जॉर्ज आर्चर मास्टर्स जिंकले, तेही अँसरने. पेटंटची मुदत संपल्यावर जवळपास प्रत्येक कंपनीने हा आकार उचलला. टायगर वुड्स यांनी पंधरापैकी चौदा मेजर स्पर्धा ज्या एकाच स्कॉटी कॅमेरन बनावटीच्या पटरने जिंकल्या, त्याचा आकारही याच घराण्यातला. साठ वर्षांनी कुठल्याही दुकानात पटर पाहायला गेलात तर निम्म्या मांडणीत तेच वळण दिसेल. क्लबच्या इतिहासात एवढं टिकलेलं दुसरं रेखाटन मला माहीत नाही.

०००

पटरमध्ये जमलं ते आयर्नमध्ये आणायचं, तर घडणीची पद्धतच बदलावी लागत होती. ठोकून घडवलेल्या आयर्नमध्ये मऊ पोलादाचा तुकडा हजार-बाराशे अंशांना तापवून साच्यात घणाखाली दाबतात. त्यातून सुंदर, भरीव पातं निघतं. पण पाठीमागून पोकळ, कडांना जाड, मध्ये पातळ असा आकार घणाने काढणं त्या काळी फार जिकिरीचं होतं. सोलहाइम ओतकामाकडे वळले आणि १९६९ पासून त्यांचे ओतीव आयर्न बाजारात आले.

ही ओतकामाची रीत मराठी वाचकाला परकी नाही. आधी मेणाचा हुबेहूब नमुना करायचा. त्यावर मातीचे लेप चढवायचे. तापवून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मूर्ती घडवण्याची हीच कृती आहे, मेणाच्या वजनावरून कोणता धातू किती घ्यायचा या हिशेबासकट. सोलहाइम यांच्या फिनिक्समधल्या कारखान्यात मूर्तीच्या जागी क्लबचं डोकं होतं आणि मातीच्या जागी सिरॅमिकचा लगदा. पोलादी साच्यात मेण दाबून डोक्यांचे नमुने काढतात आणि ते एका मेणाच्या खोडाला फांद्यांसारखे चिकटवतात. अख्खं झाड लगद्यात बुडवायचं, वर बारीक वाळू शिंपायची, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं. कवच जाड झालं की वाफेच्या दाबाने मेण काढून घ्यायचं, कवच भाजायचं आणि त्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. थंड झालं की कवच फोडायचं, डोकी कापून सुटी करायची, घासायची. पोलाद सतरा टक्के क्रोमियम आणि चार टक्के निकेलचं, गंजाला दाद न देणारं. मेणात जो आकार कोरता येतो तो पोलादात मिळतो, म्हणून पाठ पोकळ करून वाचलेलं वजन कडांना नेता आलं. पटरमधला नियम आता पूर्ण पिशवीला लागू झाला.

जुन्या मताच्या खेळाडूंना हे आयर्न आवडले नाहीत. त्यांचं म्हणणं, घडीव पोलादाचा स्पर्श ओतीवाला नाही. या तक्रारीत तथ्य आहे, मात्र त्यातला मोठा भाग कानांचा आहे. चेंडू सुटून गेल्यावरच धक्का हातापर्यंत पोचतो, आणि त्या जाणिवेत आवाजाचा वाटा फार असतो. घडीव आयर्नची परंपरा आजही जिवंत आहे. जपानमध्ये हिमेजीजवळच्या इचिकावा गावात, तलवारी घडवण्याचा वारसा सांगणाऱ्या मुलखात, मिउरासारखी घराणी अजून पात्याच्या कडा हाताने घासतात. जगातली बहुतेक डोकी मात्र तैवानी कंपन्यांच्या तैवान, चीन आणि व्हिएतनाममधल्या कारखान्यांत ओतली जातात, डब्यावर नाव कुणाचंही असो.

०००

आता मापाकडे येतो, कारण माझ्या मते सोलहाइम यांचं सगळ्यांत दुर्लक्षित काम हेच आहे.

क्लब जमिनीवर सपाट टेकवला की शाफ्ट जमिनीशी एक कोन करतो. त्याला ‘लाय’ म्हणतात. उंच माणसाचे हात वर असतात, बुटक्याचे खाली. बुटक्या माणसाच्या हातात प्रमाण मापाचा क्लब दिला तर टाच जमिनीत रुतते आणि टोक हवेत राहतं. उंचाच्या बाबतीत उलट. क्लबचं तोंड मागे कललेलं असल्यामुळे टोक वर गेलं की ते तोंड आपोआप डावीकडे पाहू लागतं, खाली गेलं की उजवीकडे. उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी हे धरलं आहे. तोंड जितकं जास्त कललेलं, तितका हा घोटाळा मोठा. त्रिकोणमितीने सहज काढता येतं: ४६ अंश कललेल्या वेजची, म्हणजे जवळच्या फटक्याच्या आयर्नची, लाय दोन अंशांनी चुकली, तर तोंडाची दिशाही साधारण दोन अंशांनी चुकते. शंभर मीटरवर हे साडेतीन मीटर होतात. भोक आहे जेमतेम १०८ मिलिमीटर रुंदीचं. खेळाडूने निर्दोष फटका मारला तरी चेंडू बाजूलाच जाणार. मग तो आपला स्विंग बिघडवून चेंडू सरळ आणायला शिकतो, आणि प्रशिक्षक पुढची दहा वर्षं तो बिघाड काढण्यात घालवतो.

सोलहाइम यांनी १९७० च्या दशकात यावर उपाय केला तो जोड्यांच्या दुकानातला वाटतो. माणसाला ताठ उभं करायचं, एकूण उंची घ्यायची, आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं. या दोन मापांचा एक तक्ता, आणि तक्त्यातल्या प्रत्येक पट्ट्याला एक रंग. आयर्नच्या गळ्याजवळ त्या रंगाचा ठिपका. काळा म्हणजे प्रमाण. निळा, हिरवा, पांढरा म्हणजे अधिक उभट. लाल, नारिंगी म्हणजे अधिक आडवा. प्रत्येक संचाला क्रमांक दिला आणि त्याची नोंद कारखान्यात ठेवली, म्हणजे वीस वर्षांनी एखादा आयर्न हरवला तरी त्याच मापाचा पुन्हा बनवता यावा. मोठमोठ्या कंपन्या सगळ्यांना एकच संच विकत असताना, ग्राहकाला आधी टेपने मोजायचं हा आग्रह धंद्याच्या दृष्टीने अवघड होता. दुकानदाराला अनेक रंगांचा माल ठेवावा लागे किंवा ग्राहकाला थांबायला सांगावं लागे. तरी तो आग्रह सोडला गेला नाही.

०००

१९८२ मध्ये आलेले पिंग आय-टू हे आयर्न त्या काळी सर्वाधिक खपणाऱ्यांपैकी झाले, आणि त्यांच्यावरून गोल्फच्या इतिहासातलं एक मोठं भांडण झालं. भांडण होतं तोंडावरच्या खाचांचं. ओल्या किंवा उंच गवतातून मारताना चेंडू आणि तोंड यांच्यामध्ये गवताचा रस येतो; खाचा तो बाजूला काढतात, म्हणून चेंडूला फिरकी मिळते आणि तो ग्रीनवर थांबतो. पूर्वी खाचा इंग्रजी व्ही आकाराच्या असत. ओतकामात यू आकार सोयीचा पडतो, म्हणून १९८४ मध्ये त्याला परवानगी मिळाली. यू आकाराच्या तीक्ष्ण कडा चेंडूचं मऊ कवच सोलू लागल्या, तेव्हा सोलहाइम यांनी कडा किंचित गोल केल्या. खेळाडूंची सोय झाली. पण खाचेची रुंदी कुठून कुठपर्यंत मोजायची? अमेरिकेच्या संघटनेने गोल झालेला भागही मोजला. त्यामुळे खाचा रुंद आणि त्यांच्यामधली जागा अरुंद ठरली. फरक होता केसाच्या जाडीएवढा. क्लब नियमबाह्य ठरवले गेले.

सोलहाइम यांचा मुद्दा साधा होता. हजारो माणसांनी विश्वासाने विकत घेतलेले क्लब नियमाच्या मोजणीची रीत बदलून रद्द कसे करता? १९८९ मध्ये त्यांनी दहा कोटी डॉलरचा दावा लावला. १९९० मध्ये संघटनेशी तडजोड झाली: यापुढचे क्लब नव्या मोजणीने बनतील, आणि १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेले आय-टू कायम वैध राहतील. पीजीए टूरबरोबरचा वाद १९९३ पर्यंत चालला. त्याच १९९० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या महिला खेळाडूंमधला सोलहाइम चषक सुरू झाला, तोही याच घराच्या पाठबळावर. कोर्टातल्या लढाईच्या ऐन दिवसांत महिलांच्या खेळात पैसा घालणाऱ्याच्या मनात फक्त धंदा असेल असं मला वाटत नाही.

या तडजोडीचं वीस वर्षांनी एक टोक निघालं. २०१० मध्ये व्यावसायिकांसाठी तीक्ष्ण खाचांवर नवी बंदी आली. फिल मिकलसन यांनी टॉरी पाइन्सच्या स्पर्धेत एक जुना पिंग आय-टू वेज पिशवीत टाकला. तो १९९० पूर्वीचा, म्हणून पूर्ण वैध. सहखेळाडू चिडले, एकाने त्याला उघड फसवणूक म्हटलं. नियमात काही करता येत नव्हतं, कारण करार संघटनेच्या सहीचा होता. मग कार्स्टन यांचे पुत्र जॉन सोलहाइम यांनी स्वतःच तो हक्क टूरपुरता सोडून दिला. कार्स्टन यांचं निधन त्याच्या दहा वर्षं आधी, २००० मध्ये झालं होतं.

०००

ड्रायव्हरची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स यांनी उसन्या पैशांवर टेलरमेड सुरू केली आणि लाकडाऐवजी पोलादाचं पोकळ डोकं ओतलं. लोकांनी त्याला पोलादाच्या गावावरून ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटलं. १९८१ मध्ये रॉन स्ट्रेक यांनी त्याने ह्यूस्टनची स्पर्धा जिंकली. कापडाच्या आणि द्राक्षांच्या धंद्यातून आलेल्या इली कॅलवे यांनी १९९१ मध्ये बिग बर्था आणला, १९९५ मध्ये त्याचा टायटॅनियमचा अवतार. टायटॅनियम पोलादाच्या साधारण साठ टक्के वजनाचं. त्याच वजनात मोठं डोकं आणि पातळ तोंड करता आलं, आणि तोंड चेंडूला उसळी देऊ लागलं. मग नियम आले. १९९८ पासून उसळीला मर्यादा, २००४ पासून डोक्याला ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा. तोंड किती लवचिक आहे हे आता लोलक आपटून मायक्रोसेकंदांत मोजतात. वापरून वापरून तोंड अधिक लवचिक होतं, म्हणून विकत घेताना वैध असलेला ड्रायव्हर पुढे अवैध ठरू शकतो. २०१९ मध्ये ब्रिटिश ओपनपूर्वी झँडर शॉफली यांच्यावर ही वेळ आली.

या सगळ्या नियमांत एक नियम मला खटकतो. तोंडाच्या पिळण्याला होणारा विरोध, म्हणजे तेच कावडीचं गणित, त्यालाही ५९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातली गेली. उसळीला मर्यादा घालणं समजतं, कारण ती अंतर वाढवते आणि मैदानं अपुरी पडतात. पण मध्यावर न लागलेल्या फटक्याची शिक्षा किती असावी, यावर खालची मर्यादा कशासाठी? व्यावसायिक फटका मध्याजवळच मारतात. या क्षमेचा खरा फायदा रविवारी खेळणाऱ्या, साठी ओलांडलेल्या, सांधे दुखणाऱ्या माणसाला होतो. त्याच्याकडून ती काढून घेण्यात खेळाचं काय भलं आहे हे मला पटलेलं नाही. अभियंत्यांनी वाट शोधलीच. मर्यादा उभ्या अक्षाभोवतीच्या फिरण्याला आहे, आडव्या अक्षाला नाही. पिंग आणि टेलरमेड यांनी २०२४ मध्ये दोन्ही अक्षांची बेरीज दहा हजारांवर नेली.

आता आयर्न छापले जातात. धातूच्या भुकटीचे थर लेझरने वितळवून एकावर एक चढवले की ज्याच्या आत जाळी आहे असं डोकं तयार होतं. कोब्रा कंपनीने २०२४ मध्ये असे मर्यादित संच विकले. त्याच वर्षी ब्रायसन डीशँबो यांनी पाइनहर्स्टवर यूएस ओपन जिंकली ती छापील आयर्नने, आणि त्यांच्या आयर्नची तोंडं सपाट नव्हती, किंचित फुगीर होती. ड्रायव्हरची तोंडं अशी असतातच. टोकाला लागलेला चेंडू फुगवट्यामुळे बाहेरच्या बाजूला सुटतो आणि फिरकी त्याला परत आत आणते. आयर्नवर हा उपाय जगातल्या अतिशय ताकदवान खेळाडूला हवा होता. चूक गृहीत धरणारा क्लब फक्त नवशिक्यांसाठी, हा समज इथे मोडला.

फिटिंगही, म्हणजे माणसाला क्लब बेतून देण्याचं कामही, बदललं आहे. डेन्मार्कच्या ट्रॅकमनने २००३ पासून क्षेपणास्त्रांच्या मागावर राहणारं रडारचं तंत्र गोल्फच्या चेंडूवर आणलं. आता फिटर तुम्हाला दोन-चार डोकी, पाच-सहा शाफ्ट देतो आणि पडद्यावर वेग, फिरकी, चढण्याचा कोन दाखवतो. शाफ्टवर ‘रेग्युलर’, ‘स्टिफ’ असं छापलेलं असतं, पण या शब्दांना सगळ्या उद्योगाचं एक माप नाही. एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफएवढा कडक असू शकतो. म्हणून तो मारूनच पाहावा लागतो.

आपल्याकडे बहुतेक माणसं गोल्फ सुरू करतात ती कुणाच्या तरी जुन्या संचाने: काकांनी परदेशातून आणलेला, साहेबांनी दिलेला, बाजारात सेकंडहँड मिळालेला. तो संच बहुधा त्याच पावणेसहा फुटी प्रमाण माणसासाठी बेतलेला. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईंना नवऱ्याचा जुना क्लब दिला जातो आणि वर्षभर त्यांना सांगितलं जातं, की तुमची पाठ वाकत नाही. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. तिथे कॅडीचं, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहण्याचं, काम करणाऱ्या, शेजारच्या वस्तीतल्या तरुणांनी आपल्या गल्ल्यांत स्वतःचा गोल्फ सुरू केला: बांधकामाची लोखंडी सळई टोकाला वाकवून क्लब, आणि प्लास्टिकचा चेंडू. त्यांचा क्लब निदान त्यांच्या हातांनी, त्यांच्या गल्लीसाठी वाकवलेला आहे. महागड्या पिशवीतला परक्या मापाचा आयर्न वापरणाऱ्यापेक्षा ही सुरुवात मला अधिक शहाणी वाटते.

रडारवाला फिटर हाताशी नसेल तरी एक गोष्ट कुणालाही तपासता येते. चेंडूवर मार्करने एक जाड उभी रेघ ओढा आणि ती क्लबच्या तोंडाकडे करून चेंडू ठेवा. सात नंबरच्या आयर्नने नेहमीसारखा फटका मारा. रेघेचा ठसा तोंडावर उमटतो. तो खाचांशी काटकोनात उभा असेल तर लाय तुमच्या अंगाची आहे; तिरपा असेल तर नाही. आठ-दहा फटके मारून पाहा, एका फटक्यावर जाऊ नका. सगळे ठसे एकाच बाजूला कलत असतील तर स्विंगला हात लावण्याआधी क्लब दाखवा. मऊ पोलादाचे घडीव आयर्न शिकंज्यात धरून एखाद-दोन अंश सहज वाकवता येतात. ओतीव स्टेनलेस पोलाद हट्टी असतं, बेताने वाकवावं लागतं आणि कधी तुटतंही. नवा ओतीव संच घ्यायचा असेल तर मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप देऊन कारखान्यातूनच तसा मागवावा.